चौदा ठिपक्यांची ओळ

मी एक जुना पांढरा फळा आहे. शाळेतला नव्हे, शाळेतल्या फळ्याला निदान सुट्टी तरी असते. मी स्वयंपाकघरातला आहे, फ्रीजशेजारच्या भिंतीवरचा. माझी खालची उजवी कड चेपलेली आहे, आणि चौकटीच्या खोबणीत वर्षानुवर्षांची निळी पूड साचली आहे. मित्रांनो, माझ्यावर कुणीही काहीही लिहू शकतं, पण मला स्वतःहून एक काना-मात्राही काढता येत नाही. ते आलं असतं तर तुम्हांला ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. भल्यामोठ्या पत्र्यावर गुळगुळीत पांढरा थर चढवून आम्हां भावंडांना एका मापात कापत होते. मी यंत्राखालून सरकताना जरा तिरका झालो आणि माझी कड दबली. तपासणाऱ्याने मला बाजूला काढलं. पुष्कळ दिवस मी गोदामात भिंतीकडे तोंड करून उभा होतो. मग एका छापखान्याचे मालक आले, माझ्या चेपलेल्या कडेवरून अंगठा फिरवून म्हणाले, "चेपलंय तर चेपू दे. लिहायचंय, भांग नाही पाडायचा." आणि मला घेऊन गेले.

छापखान्यात मला तीन रकाने मिळाले. आज, उद्या आणि बघू. कुठलं काम आधी यंत्रावर चढवायचं, ते माझ्यावर लिहिलं जाई. ते लिहायचं काम एका मुलीकडे होतं. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, अक्षर मोत्यासारखं, नखं खायची सवय. मालकांनी तिला पहिल्याच दिवशी मंत्र दिला होता. "हे बघ, सगळ्यांचंच काम महत्त्वाचं असतं. आपण त्यात पडायचं नाही. जो बोंब मारेल, त्याचं आधी."

औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं छापून घेणारा एक गृहस्थ दिवसातून दहा वेळा फोन करी. त्याची लेबलं नेहमी ‘आज’मध्ये. एका वाचनालयाचं छोटंसं पुस्तक मात्र चार महिने ‘बघू’मध्ये पडून होतं. त्या वाचनालयाच्या बाई कधी ओरडल्या नाहीत. महिन्यातून एकदा येत, दारात उभ्या राहून "झालं का हो?" विचारत, आणि नाही म्हटल्यावर "बरं, बरं" म्हणून जात. शेवटी पुस्तक छापायला घेतलं तेव्हा राखून ठेवलेल्या कागदांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. त्याबद्दल कुणी कुणाला बोललं नाही. ती मुलगी तेवढी त्या कडांकडे बघत उभी राहिली होती. मग फोन वाजला.

पुढे छापखान्यात संगणकाचा पडदा आला, कामं त्याच्यावर दिसू लागली, आणि माझी रवानगी कागदांच्या गठ्ठ्यांमागे झाली. यंत्रावरचे काका माझ्या अंगाला हात पुसत. दोन वर्षं मी तिथे होतो. दरम्यान त्या मुलीचं लग्न झालं, तिला मुलगी झाली, आणि रजा संपवून ती कामावर परतली तेव्हा गठ्ठे हलवताना तिला मी दिसलो.

"हा मी घरी नेऊ?"

"ने बाई," मालक म्हणाले, "तेवढीच अडगळ कमी."

तिने मला घरी आणलं, ओल्या फडक्याने तीनदा पुसलं, आणि फ्रीजशेजारी टांगलं. आता मी तिला आई म्हणतो, कारण त्या घरात तिला आधी त्याच नावाने हाक येते.

त्या घरात तिघं राहतात. आई, बाबा आणि ढबू. ढबू आता सात वर्षांची झाली. लहानपणी गालांमुळे हे नाव पडलं, गाल गेले, नाव राहिलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. कुठे कोण कधी दोन मजल्यांच्या मध्ये अडकेल याचा नेम नसतो, त्यामुळे बाबांच्या वेळेचाही नेम नसतो. घराचा सगळा गाडा आईच्या डोक्यात फिरतो.

आणि आई फार काळजीवाहू. द्राक्षांचे दोन तुकडे केल्याशिवाय मुलीच्या हातात देत नाही. दूध उकळायच्या आधी वास घेते, उकळल्यावरही घेते. ढबू दोनदा शिंकली की आईचा हात तिच्या कपाळावर असतो. शाळेची गाडी पाच मिनिटं उशिरा आली तर इकडे चहा उतू जातो. अशा आईच्या घरात हे घडलं, म्हणून तर मला जास्त लागतं.

पहिली पाच-सहा वर्षं माझ्यावर नुसती यादी असे. मीठ, वीजबिल, बूट, लस. आई लिही आणि खोडी, आणि खोडण्यापेक्षा लिहिणं नेहमी जास्त होई. मग छापखान्यातल्या लोकांसाठी एक दिवसाचं शिबिर झालं. वेळेचं नियोजन कसं करावं, त्याचं. आई त्या संध्याकाळी घरी आली ती चेहऱ्यावर उजेड घेऊनच. पर्ससुद्धा खांद्यावरून उतरवली नाही. ढबूची पट्टी घेतली, जाड काळं पेन घेतलं आणि माझ्या छातीवर एक भलीमोठी फुली मारली. माझे चार खण झाले.

"हे बघ," ती बाबांना सांगू लागली. "पहिल्या खणात महत्त्वाचं आणि घाईचं. दुसऱ्यात महत्त्वाचं, पण घाई नसलेलं. तिसऱ्यात घाईचं, पण खरं तर महत्त्वाचं नसलेलं. चौथ्यात दोन्ही नसलेलं. आणि ते सर म्हणाले, खरं आयुष्य दुसऱ्या खणात असतं."

"आणि मी कुठल्या खणात?" बाबांनी विचारलं.

"तू आधी ओला टॉवेल उचल, मग ठरवू."

"म्हणजे चौथ्यात," बाबा ढबूला म्हणाले. "चल ढबू, आपण चौथ्या खणात जाऊन टीव्ही बघू."

मित्रांनो, ती पद्धत वाईट होती असं मी मुळीच म्हणणार नाही. घराला खरंच वळण लागलं. बिलं वेळेवर जाऊ लागली. सकाळी एक मोजा शोधत तिघं घरभर पळायची, ते थांबलं. दर रविवारी सकाळी आई मला स्वच्छ पुसे, चहाचा कप फ्रीजवर ठेवून नव्याने लिही. झालेली कामं गेली, राहिलेली पुन्हा त्याच खणात उतरवली. काम किती आठवडे राहिलंय ते कळावं, म्हणून उतरवताना दर वेळी त्याच्यापुढे एक निळा ठिपका. ही तिची स्वतःची युक्ती. शेजारच्या शिंपीणकाकू एकदा वाटी परत करायला आल्या, माझ्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई गं, तुझ्या भिंतीलासुद्धा तुझ्यासारखी शिस्त!" त्यांनी माझा फोटो काढून नेला. चेपलेल्या कडेचा मी, माझा फोटो! त्या दिवशी मला अंगावर चार अक्षरं जास्त लिहिली तरी चाललं असतं.

याच सुमाराला मावशी, म्हणजे आईची मोठी बहीण, दोन दिवसांसाठी राहायला आली. मोकळी, मोठ्या आवाजाची, हातात कायम काहीतरी निवडायला घेतलेलं. भाजी निवडता निवडता ती ढबूकडे बघत होती.

"ही अशी मान वाकडी करून का बघते गं?"

"कुठे? सवय आहे तिची."

"टीव्हीला नाक लावून बसते. काल मी गेटातून हात केला तर ओळखलं नाही मला. मी म्हटलं, रुसली की काय. डोळे दाखव तिचे."

आईचा हात थबकला. ती लगेच माझ्याकडे आली. दुसऱ्या खणात, तळाशी, तिने लिहिलं, ‘ढबू: डोळे तपासणे.’

मावशी मागून म्हणाली, "लिहू नकोस. ने."

"नेते गं ताई. लिहिलं की विसरत नाही मी."

आणि तिच्या कपाळावरची आठी गेली. मी ते अगदी जवळून पाहिलं आहे, कारण लिहिताना तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर असतो. माझ्यावर लिहून टाकलं की तिला वाटे, अर्धं काम झालं. काळजी तिच्या डोक्यातून उतरून माझ्या अंगावर येई, आणि ती हलकी होई. तेव्हा मला याचा अभिमान वाटायचा.

पहिल्या रविवारी त्या ओळीपुढे एक ठिपका पडला. दुसऱ्या रविवारी दोन. तिसऱ्या आठवड्यात आईने खरंच फोन करून गुरुवारची वेळ घेतली. गुरुवारी सकाळी लेबलवाल्या गृहस्थाची लेबलं उलट्या रंगात छापली गेल्याचं उघड झालं, छापखान्यात आकाशपाताळ एक झालं, आणि आईने डॉक्टरांची वेळ रद्द केली. ‘पुन्हा फोन करणे’ एवढे तीन शब्द त्या ओळीत वाढले. मग डॉक्टरबाई पंधरा दिवस बाहेरगावी होत्या. मग बाबांचा गुडघा सुजला. मग ढबूची परीक्षा. दर वेळी कारण खरंच होतं. खोटं कारण आईने एकदाही दिलं नाही. पहिल्या आणि तिसऱ्या खणातली कामं वर्दळीच्या रस्त्यासारखी येत-जात राहिली, आणि ती एक ओळ दुसऱ्या खणाच्या तळाशी तशीच होती, जागा कमी पडेल तशी दर रविवारी थोड्या बारीक अक्षरात.

ढबू रोज माझ्याजवळ यायची. आधी ती हातभर अंतरावर उभी राहून माझ्यावरची अक्षरं जुळवायची. मग वीतभर. मग एवढी जवळ, की तिच्या श्वासाने माझ्यावर धुकं धरायचं. कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान वळवून ती उजव्या डोळ्याने मला बघायची. डावा डोळा नुसता उघडा असायचा, दार उघडं आणि घरात कुणी नाही तसा.

एकदा ती आईला म्हणाली, "आई, माझ्या नावापुढे सगळ्यात जास्त ठिपके आहेत!"

"हो का?"

"बाबांच्या नावापुढे एकच आहे. माझ्यापुढे सात. आमच्या बाई चांगल्या मुलांना चांदण्या देतात ना, तसं?"

आई हसली. तिने ढबूचा मुका घेतला, आणि मग तिचा चेहरा बदलू लागला. ती काहीतरी बोलणार होती, फोनही शोधत होती बहुतेक. पण फोनच वाजला. छापखान्यातून होता.

त्यानंतर काही दिवसांनी ढबूच्या वहीत तिच्या वर्गाच्या बाईंनी लाल शाईने लिहून पाठवलं. ‘फळ्यावरचं उतरवून घेत नाही. शेजारणीच्या वहीत बघते. लक्ष नसते. पालकांनी भेटावे.’ आई भेटून आली. उंची वाढली म्हणून ढबूला मागच्या बाकावर बसवलंय, हेही तिला तिथे कळलं. पण बाईंसमोर बसल्यावर, "घरी कुणी बसून अभ्यास घेतं का हो तिचा?" एवढं एकच वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. घरी येईपर्यंत डोळे लाल झाले होते.

"मला वेळ नाही असं म्हणायचं होतं त्यांना," ती बाबांना म्हणाली.

"असं कुठे म्हणाल्या त्या?"

"म्हणायला कशाला लागतं?"

त्या संध्याकाळी पहिल्या खणात लाल अक्षरं आली. ‘ढबू: फळ्यावरून उतरवण्याचा सराव, रोज सात ते साडेसात.’ आणि तळाच्या ओळीला? तिला अजून घाई नव्हती. मित्रांनो, एकाच मुलीबद्दलच्या दोन ओळी माझ्या अंगावर वीतभर अंतराने लिहिलेल्या होत्या. काखेत कळसा म्हणतात तो हाच. पण त्या दोन ओळी एकमेकींशी बोलू शकत नव्हत्या, आणि मी तर मुकाच.

सराव असा असे. आई माझा खालचा अर्धा भाग पुसून त्यावर चार वाक्यं लिही. ढबूला पलीकडे जेवायच्या टेबलाशी बसवी. माझ्यापासून टेबलापर्यंत सहा फरश्या आहेत. मग पोळपाटाशेजारी टिकटिकणारं घड्याळ लावून आई म्हणे, "दहा मिनिटं. जागेवरून उठायचं नाही."

पहिले दोन दिवस वही कोरी राहिली. ढबू उठून माझ्याकडे यायला लागली की आई म्हणे, "बस खाली. वर्गात अशी उठतेस का? तिथून बघ. लक्ष दे, दिसेल!"

तिसऱ्या दिवशी मात्र चारही वाक्यं वहीत उतरली. चौथ्या दिवशीही. आईचा आनंद पोटात मावेना. "बघ, लक्ष दिलं की येतं की नाही? वेळ ठरवून केलं की सगळं होतं!" तिने छापखान्यात सांगितलं, मावशीला फोनवर सांगितलं. मावशीने विचारलं, "आणि डोळे?" आई म्हणाली, "अगं, आता दिसतंय तिला. लक्षाचाच प्रश्न होता. तरी नेणारच आहे, लिहिलंय मी."

काय चाललं होतं ते मला माहीत होतं. एकट्या मलाच. आई लिहीत असताना ढबूला बरोबर त्याच वेळी तहान लागायची. ती माझ्या शेजारच्या माठाशी यायची, पेला भरायची, आणि पाणी पिता पिता पेल्याच्या काठावरून आईच्या हाताखालची वाक्यं वाचून घ्यायची. ओठ हलायचे. चारही वाक्यं पाठ झाली की पेला ठेवून सहा फरश्या चालत टेबलाशी जायची आणि माझ्याकडे तोंड करून, मला न बघता, लिहायची. मधून मधून मान वर करायची, आईला बरं वाटावं म्हणून.

सात वर्षांच्या पोरीची ही हुशारी पाहून मला कौतुक वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी तिच्या लबाडीतला साथीदार झालो होतो. रोज संध्याकाळी ती आंधळ्यासारखी माझ्यासमोर बसे आणि रोज तिच्या वहीत ‘शाबास’ लिहिलं जाई.

असे अडीच आठवडे गेले. तळाच्या ओळीपुढे चौदा ठिपके झाले.

एका संध्याकाळी आईने तिसरं वाक्य लिहिलं, ‘दुकानाच्या दारात एक म्हातारा उभा होता.’ ढबू पेला घेऊन उभी होतीच. चौथंही लिहून झालं, ती जाऊन बसली, घड्याळ टिकटिकू लागलं. आईने एक पाऊल मागे घेऊन वाचून पाहिलं. ‘म्ह’ अजून शिकवलेला नाही, उगाच अडेल पोर, असं पुटपुटत तिने ‘म्हातारा’ बोटाने पुसलं आणि त्या जागी ‘मुलगा’ लिहिलं. ढबूचं डोकं वहीत होतं.

दहा मिनिटं संपायच्या आतच आईने वही उचलली.

"हे काय? ‘म्हातारा’ कुठे आहे?"

"तिथे."

"कुठे तिथे?"

"तिसऱ्या ओळीत."

"ढबू, चावटपणा नको. तिसऱ्या ओळीत काय लिहिलंय, वाच."

ढबूने माझ्याकडे पाहिलं. डोळे बारीक केले. मान वाकडी केली. "दुकानाच्या दारात एक म्हातारा उभा होता."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. रागाचा शब्द तिच्या ओठांवर आला होता, मी तो पाहिला. तो तिने गिळला. ती टेबलापाशी जाऊन ढबूशेजारी खाली बसली, ढबूच्या उंचीला डोकं आणून.

"तुला तिथे आत्ता काय दिसतंय? खरं सांग. मी रागावणार नाही."

"पांढरं."

"आणि?"

"मधे मुंग्या."

"मुंग्या म्हणजे?"

"मुंग्यांची रांग असते ना, तसं. आई, तू उठायचं नाही म्हणालीस ना, म्हणून मी आधीच पाठ करते. रोज पाठ करते. मी चुकत नाही कधी. आजच चुकलं."

घड्याळ वाजलं. कुणी बंद केलं नाही. ते वाजून वाजून आपणच थांबलं. आईने ढबूचा उजवा डोळा हलकेच तळहाताने झाकला आणि स्वतःचा दुसरा हात तिच्या तोंडासमोर धरला. किती बोटं, असं विचारलं. ढबू म्हणाली, "हात काढ ना. अंधुक होतंय." आईने हात काढला. मग ती ढबूला पोटाशी धरून बसली.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात न जाता आई, बाबा आणि ढबू डॉक्टरबाईंकडे गेले. मी भिंतीवर राहिलो. कालची चार वाक्यं अंगावर तशीच होती. परत आले तेव्हा दुपार झाली होती. ढबू बाहेरच्या खोलीत गेली आणि आईने मावशीला फोन लावला. भांडी घासत होती, म्हणून फोन ओट्यावर स्पीकरवर ठेवला होता.

"दोन्ही डोळ्यांना नंबर आहे. डाव्याला खूप जास्त. आणि ताई, त्या म्हणाल्या, डावा डोळा वापरातच नाहीये. मेंदूने त्याच्याकडे बघणं सोडून दिलंय."

"चष्म्याने येईल ना?"

"आधी चष्मा. मग सहा आठवड्यांनी बघून उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी, म्हणजे डाव्याला काम करावंच लागेल. वय वाढतं तसं अवघड होत जातं म्हणाल्या. वेळ गेलेली नाही, पण पूर्ण येईलच असं वचन देत नाही, असंही म्हणाल्या." नळ तसाच वाहत होता. "त्यांनी विचारलं, तुम्हांला कधीपासून शंका होती? ताई, दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, नक्की आठवत नाही. मला माहीत होतं. चौदा आठवडे. माझ्याकडे मोजलेले आहेत."

मावशी मोठ्या आवाजाची खरी, पण तेव्हा हळूच म्हणाली, "नळ बंद कर. जेवलीस का?"

त्या संध्याकाळी बाबा माझ्यासमोर उभे राहिले. "मी पण रोज वाचत होतो," ते म्हणाले. "फ्रीज उघडताना रोज. मला वाटलं, तू लिहिलंयस म्हणजे तू बघतेयस."

"आणि मला वाटायचं, लिहिलंय म्हणजे होतंय," आई म्हणाली.

चष्मा आला. पहिल्या दिवशी ढबू माझ्याकडे दुरून बघून म्हणाली, "आई, तुझं अक्षर किती छान आहे!" घरातलं कुणी हसलं नाही. सहा आठवडे गेले, आणि पट्टी सुरू झाली, संध्याकाळी सहा ते आठ.

पहिला आठवडा फार वाईट गेला. आईने पट्टीसुद्धा पहिल्या खणात लिहिली होती. ठीक सहाला चिकटवायची, ठीक आठला काढायची, मधे कणीक, फोन, कपडे. चांगला डोळा झाकलेली ढबू चाचपडत हिंडायची. टेबलाच्या पायाला आपटली. एकदा भिंतीला टेकून रडत म्हणाली, "मला एकटीला अंधारात ठेवू नका ना." आणि तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. आईने कणकेच्या बोटाने तो उघडला. छापखान्याचे मालक होते.

"अगं, उद्याचा क्रम तेवढा सांग पटकन, लेबलवाला डोक्यावर बसलाय."

"सहा ते आठ मी नाही," आई म्हणाली. "आजपासून नाही."

"आणि तो ओरडला तर?"

"ओरडू दे."

तिने फोन बंद करून डब्यांच्या मागे ठेवला. कणीक तशीच झाकली. मग स्पिरिटचा बोळा घेऊन माझ्यावरची ती फुली घासली. काळी रेघ बरीच मुरलेली, पूर्ण गेली नाही. अजूनही उजेड तिरका पडला की दिसते. कामांची यादी तिने एका लहान वहीत नेली. घर काही आपोआप चालत नाही, त्या वहीतही खण आहेतच, मला ठाऊक आहे. फक्त रविवारी त्यातली कुठलीही ओळ दुसऱ्यांदा उतरवायची वेळ आली, तर बाबा ती मोठ्याने वाचतात आणि विचारतात, "कोण जाणार? आणि कधी निघणार?" उत्तर मिळेपर्यंत चहा मिळत नाही. बाबांनाही नाही.

आता माझ्यावर रोज एकच अक्षर असतं. तळहाताएवढं. पट्टी लावलेली ढबू माझ्यापासून सुरुवात करते आणि अक्षर दिसेनासं होईपर्यंत एकेक पाऊल मागे जाते. पहिल्या दिवशी ‘ग’ ओळखायला तिचं नाक मला टेकलं होतं. तीन आठवड्यांनी ती एका फरशीवर उभी होती. काल दीड फरशीवर. परवा मात्र पुन्हा एकीवरच आली होती; त्या दिवशी आईला जेवण गेलं नाही. ती फरश्या मोजते आणि मोजतेय हे ढबूला कळू देत नाही. डॉक्टरबाईंकडे पुढच्या महिन्यात जायचं आहे. तिथे काय सांगतील हे मला माहीत नाही, आईलाही नाही.

मित्रांनो, माझ्यासारखं कुणीतरी तुमच्याही घरात असेल. भिंतीवर, टेबलाच्या खणात, नाहीतर तुमच्या आईबाबांच्या फोनमध्ये. आमच्यावर जरूर लिहा. आम्ही काही विसरत नाही. पण नुसतं न विसरणं म्हणजे सांभाळणं नव्हे, हे मी चौदा आठवड्यांत शिकलो. आम्हांला पाय नाहीत, तुम्हांला आहेत. ओरडणाऱ्यांची कामं होतील, ते करून घेतातच. जे नुसतं "बरं, बरं" म्हणून परत जातं, त्याच्यामागे तुम्ही उठून जा. आणि मुलांनो, तुम्हांला दिसत नसेल, कळत नसेल, दुखत असेल, तर शहाण्यासारखं पाठ करून झाकू नका. सांगा. एकदा सांगून कुणी ऐकलं नाही, तर पुन्हा सांगा.

सहा वाजले आहेत. पट्टी लावून झाली. आईने आज माझ्यावर ‘क्ष’ काढला आहे, जरा अवघड. ढबू एकेक पाऊल मागे चालली आहे. एक फरशी. दीड. ती थांबली, मान सरळ ठेवायचा प्रयत्न करते आहे. घरात ओट्यावर पसारा पडला आहे, बाहेर कुणीतरी बेल वाजवतंय. आई खाली बसली आहे, ढबूच्या उंचीला डोकं आणून. ती काही विचारत नाही, घाई करत नाही. नुसती थांबली आहे.